वैनगंगेची माती शेवटी जाते कुठं? धरणं, पाऊस आणि समुद्राच्या तळाचा गाळ

वैनगंगाकाठ
प्रश्न सरळ आहे. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा यांचं पाणी प्राणहितेतून सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळतं आणि पुढं बंगालच्या उपसागरात जातं. पाण्यासोबत मातीही जाते. पण वाटेत गोसेखुर्द, अप्पर वर्धा, इसापूर आहेत, गोदावरीवर जायकवाडी, श्रीराम सागर आणि अगदी शेवटी धवलेश्वरम. एवढ्या भिंती ओलांडून आपली माती समुद्राच्या तळापर्यंत पोचते का? आणि तिथला गाळ बदलला असेल तर तो धरणांमुळे की पावसामुळे? माझं मत धरणांच्या बाजूनं आहे. आंध्रात समुद्र किनारा खातो आहे, त्याचंही कारण तेच. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं. "निसर्गाशी खेळ" छापाचे प्रतिसाद नकोत.

तुरीच्या_घुगऱ्या
म्हणजे वावर समुद्रात गेलं असंल तर सातबारा काकीनाड्याच्या तलाठ्याकडं मागायचा का जी?

पऱ्हाटी
@तुरीच्या_घुगऱ्या, फेरफारच दहा वर्षं होत नाही, तिथं तेलुगूत सातबारा कोण देऊन राह्यलं बाप्पा.

गाळमोजणी
आधी दोन खाती वेगळी करा, नाहीतर धागा शंभर प्रतिसादांपर्यंत जाईल आणि निघणार काही नाही. एक खातं रेतीचं, म्हणजे ०.०६ मिमीपेक्षा जाड कण. दुसरं बारीक गाळाचं, म्हणजे पोयटा आणि चिकणमाती. रेती नदीच्या तळाशी घरंगळत, उड्या मारत जाते. पाणी जिथं संथ झालं तिथं ती लगेच बसते. चिकणमातीचे कण २ मायक्रॉनपेक्षा लहान, ते पाण्यात तरंगत जातात.

धरणात पूर शिरला की फुगवट्याच्या शेपटीलाच वेग मरतो. रेती तिथंच पडते, भिंतीपर्यंत येतच नाही. पोयट्याचा बराच भाग जलाशयाच्या मधल्या पट्ट्यात बसतो. चिकणमाती भिंतीपर्यंत येते आणि दरवाजे उघडे असतील तर त्यातला काही भाग पाण्यासोबत पुढं निघून जातो. म्हणून गोसेखुर्दच्या ३३ दरवाजांतून ऑगस्टमध्ये गढूळ पाणी सुटताना दिसलं म्हणजे "गाळ जातोच की" असं होत नाही. जाते ती चिकणमाती. रेती मागं राहिलेली असते.

किती अडतं याचा ढोबळ अंदाज ब्रुनच्या १९५३ च्या वक्रावरून काढतात. जलाशयाची क्षमता भागिले वर्षाची आवक. हा भागाकार १ च्या आसपास असेल तर ९५ टक्क्यांहून जास्त गाळ अडतो, ०.१ असेल तर ८५ टक्क्यांच्या आसपास, ०.०१ असेल तर निम्म्याहून कमी. जायकवाडीसारखं धरण, जे कैक वर्षं भरतही नाही, जवळपास सगळंच धरून ठेवतं. गोसेखुर्दची क्षमता सुमारे १,१४६ दशलक्ष घनमीटर, आणि चांगल्या पावसाळ्यात त्याच्या कैक पट पाणी वाहून जातं. तिथं भागाकार लहान.

सिरोंचा_संगम
मूळ धाग्यात एक दुरुस्ती. जायकवाडी आणि श्रीराम सागर ही दोन्ही प्राणहितेच्या संगमाच्या वर आहेत. विदर्भाच्या मातीचा त्यांच्याशी काही संबंध नाही, ती अडवतात मराठवाड्याची आणि तेलंगणाची. प्राणहितेच्या मुख्य पात्रावर तर मोठं धरणच नाही. संगमाच्या खाली मेडीगड्डा आहे, पण तो बंधारा आहे, पुरात दरवाजे वर असतात. त्याच्याही खाली इंद्रावती आणि शबरी येऊन मिळतात, बस्तर आणि ओडिशाकडच्या.

परिणाम असा की वरची गोदावरी कोंडली गेली आणि त्रिभुज प्रदेशात येणाऱ्या गाळात प्राणहिता, इंद्रावतीचा वाटा वाढला. गोदावरीच्या ३.१२ लाख चौरस किलोमीटर खोऱ्यात प्राणहितेचा हिस्सा एक तृतीयांशाच्या आसपास आहे. तेव्हा प्रश्न "पोचते का" असा असेल तर उत्तर हो. किती आणि कोणती, ते पुढं.

रेतीघाट_नको
मेडीगड्ड्याचे खांब २०२३ मध्ये खचले त्याचं कारण पण याच रेतीत आहे ना? पायाखालून रेती वाहून गेली म्हणतात

संपादक
मेडीगड्ड्यासाठी वेगळा धागा काढावा. इथं समुद्राच्या तळापुरतंच बोलूया.

खारपाणपट्टा
सगळ्यांनी विदर्भ म्हणजे वैनगंगाच धरली काहून? अकोला, बुलडाणा, अमरावतीचा पश्चिम भाग पूर्णेत उतरतो, पूर्णा तापीत, तापी अरबी समुद्रात. आमची माती खंभातच्या आखाताच्या बाजूला जाते, वाटेत हतनूर आणि उकाई. उकाई १९७२ चं. विदर्भाची माती दोन समुद्रांत वाटली जाते, हे शाळेच्या पुस्तकात धड एक ओळ नाही.

आणि तिथला समुद्र वेगळाच. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या घरात. बारीक गाळ बसला की सहा तासांनी पुन्हा उचलला जातो. नदीनं कमी आणला तरी पाणी गढूळच दिसतं, कारण जुनाच गाळ फिरत असतो. तिथं नुसतं पाण्याच्या रंगावरून धरणाचा हिशेब लावायला जाल तर फसाल.

काळीकसदार
@वैनगंगाकाठ, तुमचं "धरणांमुळे" हे गेल्या पन्नास वर्षांपुरतं खरं आहे. समुद्राचा तळ पन्नास वर्षांत घडत नाही.

वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. गोदावरी तेव्हा आजच्या किनाऱ्यावर थांबत नव्हती, उथळ मंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, ओलांडून थेट त्याच्या कडेवर गाळ टाकत होती. त्या मंचावर आज जी जाड रेती सापडते तिच्यातली पुष्कळशी त्या काळातली आहे, आजच्या पुराची नव्हे. समुद्र वर आला, साधारण सात हजार वर्षांपूर्वी पातळी स्थिरावली, मग आजचा त्रिभुज प्रदेश बांधायला सुरुवात झाली.

आता आपल्या मातीचं. २००६ मध्ये गॅस हायड्रेटच्या, म्हणजे तळाखाली बर्फासारख्या गोठलेल्या वायूच्या शोधात आलेल्या जॉइडेस रेझोल्यूशन या जहाजानं कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोर सुमारे १,२५० मीटर खोल पाण्यात तळाला भोक पाडून गाळाचे स्तंभ काढले. त्यातल्या एका स्तंभात गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांचा थर ओळीनं मिळाला. गोदावरीची गंमत अशी की वरचा भाग दख्खनच्या बेसॉल्टचा आणि पूर्वेचा भाग, म्हणजे भंडारा, गडचिरोली, बस्तर, फार जुन्या ग्रॅनाइट-नाइस खडकाचा. दोघांच्यातल्या निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांची सही इतकी वेगळी की चिमूटभर गाळावरून कोणत्या बाजूची माती किती ते सांगता येतं. त्यात दिसलं असं की साधारण चार हजार वर्षांपासून पाऊस कमी होत गेला, आणि तरीही समुद्रात येणारा गाळ वाढला. त्यातही दख्खनकडचा, काळ्या मातीचा वाटा वाढला. पाऊस कमी तर गाळ कमी, हे गणित इथं उलटं पडलं.

पऱ्हाटी
पाऊस कमी अन् गाळ जास्त? हे कसं काय

काळीकसदार
@पऱ्हाटी, दाट झाडोरा असेल तर १,४०० मिमी पाऊसही माती फारशी हलवत नाही, गडचिरोलीचं जंगल बघा. पाऊस ७५०-८०० मिमीवर आला, झाडोरा विरळ झाला, गवत वाळलं, आणि त्यावर जूनचा पहिला जोराचा पाऊस पडला, की माती सुटली. वर त्याच काळात शेती आली. दख्खनच्या ताम्रपाषाण वस्त्या, नंतर लोखंड. पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली आहे, इसवी सनाच्या कैक शतकं आधीची. लोखंडी फाळ आणि कुऱ्हाड आल्यावर काळ्या मातीचं रान मोकळं व्हायला वेळ लागत नाही. हवामान आणि नांगर या दोघांचं काम त्या स्तंभात एकत्रच नोंदलेलं आहे.

गाळमोजणी
@काळीकसदार, हे मान्य. पण धरणांनंतरची उलटी घसरणही तितकीच पक्की आहे. गोदावरीचा तरंगता गाळ १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी १५ कोटी टनांच्या आसपास मोजला गेला. १९९० च्या दशकात तो ६ कोटी टनांच्या आत आला. पाऊस काही त्या प्रमाणात घटला नव्हता. तीन हजार वर्षं नांगरानं वाढवलेला गाळ धरणांनी तीस वर्षांत खाली आणला.

या आकड्यांतली मेखही सांगतो. केंद्रीय जल आयोगाची माणसं बाटलीचा नमुना घेतात, खोलीच्या ०.६ वर. त्याचे तीन भाग पाडतात: ०.२ मिमीच्या वरचा जाड, ०.०७५ ते ०.२ मधला मध्यम, त्याखालचा बारीक. तळाशी घरंगळणारी रेती या बाटलीत येतच नाही. ती बहुतेक वेळा "तरंगत्या गाळाच्या इतके टक्के" म्हणून नंतर जोडून घेतात. शिवाय नमुना दिवसाचा, सकाळचा. वर्धेला पूर रात्री दोनला चढला आणि पहाटे उतरायला लागला तर सर्वांत गढूळ पाणी नोंदीविनाच गेलं. त्यात गाळ पाण्याच्या आधी शिखर गाठतो. पूर अजून चढत असतानाच पाणी सर्वांत दाट असतं, कारण सुटी माती पहिल्या धुण्यातच निघते. तेव्हा एकूण टनांपेक्षा कल पाहा.

रेतीघाट_नको
मग रेती मोजतच नाही म्हणा ना. किनारा बांधते ती रेती, चिखल नाही. अन् रेती धरणात कमी, ट्रकमध्ये जास्त जाऊन राह्यली. कन्हानची रेती नागपूरच्या स्लॅबात आहे, समुद्रात कुठून जाईल

सिरोंचा_संगम
@रेतीघाट_नको, मुद्दा बरोबर, पण वेळेचा हिशेब घाला. धरणाखाली सुटलेलं पाणी गाळ टाकून आलेलं असतं, त्याची वाहून न्यायची ताकद शिल्लक असते. ते खालच्या पात्रातलीच रेती उचलतं. म्हणून धरणाच्या लगेच खाली पात्र खोल जातं, खडक उघडा पडतो, रेती जाड होत जाते. वैनगंगेच्या पात्रात साठलेली रेती समुद्रापर्यंत पोचायला एक-दोन पावसाळे पुरत नाहीत. रेतीचे ढिगारे एका पुरात फार लांब सरकत नाहीत. तेव्हा १९८० नंतरच्या धरणांचा रेतीवरचा पूर्ण परिणाम किनाऱ्यावर कदाचित अजून उतरायचाच आहे. बारीक गाळाचा मात्र त्याच हंगामात दिसतो. उपसा मधल्या पात्रात होतो, तो दोन्ही बाजूंनी मारतो: वरून येत नाही आणि खालचं उचललं जातं.

मामा_तलाव
गाळ अडतो तर अडू द्या की. तो काढून वावरात टाका. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" २०१७ पासून चालू आहे. आमच्याकडच्या मालगुजारी (मामा) तलावांत तर शतकाचा गाळ आहे.

हिशेब करून ठेवा. एका एकरावर ५ सेंमी थर द्यायचा तर २०० घनमीटर, म्हणजे सुमारे ७० ब्रास. हेक्टरी १७५ ब्रासच्या वर. एका ट्रॉलीत एक ब्रास धरला तरी खेपा मोजा. आणि काळ्या भारी जमिनीवर हा गाळ टाकू नका, चिबड होईल. मुरमाड, हलक्या, भाताच्या बांध्यांच्या वरच्या अंगाच्या जमिनीला द्या.

पण गाळ कोणता ते आधी बघा. सरळ उभी काचेची बाटली घ्या, एक तृतीयांश माती, खडे काढून. काळी माती असेल तर रात्रभर भिजवा, नाहीतर ढेकळं फुटत नाहीत आणि रेती म्हणून खाली बसतात. चिमूटभर धुण्याची पावडर टाका, कण सुटे होतात. पाणी भरा, पाच मिनिटं हलवा, ठेवा. एका मिनिटात बसली ती रेती, दोन तासांपर्यंत बसला तो पोयटा, वरचं गढूळ बसेल ती चिकणमाती, तिला एक-दोन दिवस. प्रत्येक वेळी बाहेरून खूण करा. दोन ठिकाणी फसगत होते. चुनखडीचे बारीक कंकर रेतीत मोजले जातात, म्हणून खालच्या थरावर लिंबू पिळा, फसफसलं तर चुना. आणि काळ्या मातीची चिकण फुगते, तिचा थर खऱ्यापेक्षा जाड दिसतो.

तुरीच्या_घुगऱ्या
लिंबू पिळून झालं, आता फक्त पोहे राह्यले.

गाळमोजणी
@मामा_तलाव यांच्या बाटलीतच समुद्र दाखवता येतो. गढूळ पाणी दोन बाटल्यांत घ्या, यात पावडर टाकू नका. एकीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ घाला, समुद्राइतकं. हलवून सावलीत ठेवा. उन्हात ठेवलं तर पाण्यात गरम-थंड प्रवाह फिरतात आणि बारीक कण बसतच नाहीत. मिठाच्या बाटलीत थोड्याच वेळात डोळ्यांना दिसतील असे पुंजके होतात आणि पाणी वरून नितळायला लागतं. बिनमिठाची दुसऱ्या दिवशीही गढूळच.

कारण असं. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना ढकलतात. मिठातले धन आयन तो भार दाबतात, कण चिकटतात. २ मायक्रॉनचा सुटा कण २०° तापमानाच्या पाण्यात १० सेंमी खाली यायला ८ तास घेतो. त्या हिशेबानं ५० मीटर खोल समुद्रात तळ गाठायला साडेपाच महिने लागतील, तोवर प्रवाह त्याला कुठल्या कुठं नेईल. पुंजका सेकंदाला अर्धा मिलिमीटर उतरला तरी एक-दीड दिवसात तळाशी. म्हणून नदीच्या मुखासमोर चिखलाचा पट्टा तयार होतो. आपल्या काळ्या मातीतलं स्मेक्टाइट इतर चिकणमातींपेक्षा जरा उशिरा, जास्त खारटपणाला गुठळ्या धरतं, त्यामुळं ते मुखापासून आणखी बाहेर जाऊन बसतं.

वैनगंगाकाठ
उत्तम. मग धरणामुळे तळाचा गाळ बारीक झाला असं म्हणायचं ना? रेती अडली, चिकणमाती गेली.

काळीकसदार
नाही, तेवढं सरळ नाही. किती खोलीवर पाहता त्यावर आहे. किनाऱ्याजवळ, लाटा तळाला लागतात त्या उथळ पट्ट्यात, नवा गाळ येणं कमी झालं की लाटा जुन्यातलं बारीक धुऊन नेतात. मागं रेती आणि शिंपल्यांचा चुरा राहतो. म्हणजे तिथला तळ उलट जाड होतो. चीनच्या यांगत्से नदीचा गाळ १९६० च्या दशकात ४५ कोटी टनांच्या वर होता, तो आधीच घटत होता, २००३ मध्ये थ्री गॉर्जेस धरण भरायला लागल्यावर १५ कोटींच्या आसपास किंवा खाली आला आणि मुखासमोरचा पाण्याखालचा त्रिभुज प्रदेश काही ठिकाणी झिजून जाड होऊ लागला. इजिप्तमध्ये नाइलवर आस्वानचं उंच धरण झाल्यावर तिच्या मुखाजवळचं रोसेटाचं टोक आणखी झपाट्यानं मागं हटलं ते याच कारणानं. त्याच्या बाहेर, लाटा पोचत नाहीत त्या चिखलाच्या पट्ट्यात कण तितकेच बारीक राहतात, फक्त थर वर्षाला कमी चढतो.

हे तारखेसह ओळखायचं तर तळातून छोटा स्तंभ काढतात आणि शिसं-२१० हे किरणोत्सारी शिसं मोजतात. त्याचं अर्धायुष्य २२ वर्षांचं, त्यामुळं शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंत चालतं. जोडीला सीझियम-१३७, अणुचाचण्यांचं, त्याचं शिखर १९६३ चं. शिखराच्या वर किती सेंमी थर चढला ते मोजलं की धरणकाळाचा दर मिळतो. चूक कुठं होते? किडे आणि शिंपले तळ उकरतात, वरचे ५-१० सेंमी ढवळलेले असतात. ते न पाहता दर काढला तर खोटा वेग मिळतो. ट्रॉलरनं तळ नांगरलेला असेल तर तो स्तंभ टाकूनच द्यायचा.

खारपाणपट्टा
आणि आंध्रातल्या उप्पाड्याचा किनारा समुद्र खातो त्याला गोसेखुर्दच जबाबदार, असं मूळ धाग्यात ध्वनित होतं. तिथं रेती किनाऱ्याला समांतर मुख्यतः उत्तरेकडं सरकते. गोदावरीच्या मुखाची रेती काकीनाड्याच्या वाळूच्या जिभेत अडते, जीभ उत्तरेला वाढत जाते. तिच्या पलीकडं उप्पाडा. बंदराची कामं वेगळी. धरण हे एक कारण, एकमेव नाही. शिवाय त्रिभुज प्रदेश स्वतःच्या वजनानं खचतच असतो, दरवर्षी नवा थर बसला तरच वर राहतो.

वैनगंगाकाठ
@खारपाणपट्टा, ध्वनित नाही, मी स्पष्टच लिहिलं होतं. बंदराचं आणि जिभेचं मान्य. पण १५ कोटींचे ६ कोटी हा आकडा त्यानं बदलत नाही.

पऱ्हाटी
आता पाऊस बदलला त्याचं काय? थेंब थेंब नाही, ढगफुटीवानी पडून राह्यला.

काळीकसदार
@पऱ्हाटी, मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं दिसलं आहे, एकूण पावसाळी पाऊस मात्र घटत होता. गाळाला सरासरी कळत नाही, जोर कळतो. जुलै २०२२ मध्ये भद्राचलमला गोदावरी ७१ फुटांवर गेली, १९८६ नंतरची सर्वांत उंच पातळी. असा एक पूर वर्षभराच्या गाळाचा मोठा हिस्सा चार-पाच दिवसांत नेतो, आणि अशा वेळी दरवाजे उघडे असल्यानं धरणांची पकडही सर्वांत कमी असते. तेव्हा पुढच्या काळात तळावर सरासरी थर पातळ आणि मधूनच एखाद्या पुराचा जाड थर, असं चित्र यायला हवं.

गाळमोजणी
@वैनगंगाकाठ, तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: रेतीपुरते तुम्ही बरोबर, तिथं धरण आणि उपसा. चिकणमातीचं मूळ पाऊस आणि शेती यांत आहे, धरण तिला अर्धवटच अडवतं. आणि रेती विदर्भाची की नाही हे घाटावरच ओळखता येतं. साधा लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरड्या रेतीतून फिरवा. वर्धेच्या रेतीत बेसॉल्टचे काळे लोहकण भरपूर चिकटतील, वैनगंगेच्या पांढरट, स्फटिक-फेल्डस्पारच्या रेतीत त्या मानानं कमी. पिशवी उलटी केली की कण सुटे. समुद्राच्या स्तंभावर चुंबकीय ग्राह्यता, म्हणजे गाळ चुंबकाला किती प्रतिसाद देतो ते, मोजतात तिच्यामागचं तत्त्व हेच, फक्त यंत्र महाग.

रेतीघाट_नको
चुंबक घेऊन घाटावर गेलं तर ट्रॅक्टरवाले तलाठ्याचा माणूस समजून पळतीन

मामा_तलाव
पळू द्या, तेवढीच रेती वाचली. एक शंका राहिली: गोसेखुर्दात नागनदीचं सांडपाणी कन्हानमार्गे येतं, जलपर्णी माजते. तो काळा गाळ काढून वावरात टाकायचा का?

गाळमोजणी
@मामा_तलाव, तपासल्याशिवाय नाही. शहराच्या सांडपाण्यासोबत जस्त, शिसं, क्रोमियम येऊ शकतं आणि ते बारीक कणांनाच चिकटून बसतं. पाच-सहा ठिकाणचा गाळ १५-२० सेंमी खोलीपर्यंत, प्लास्टिकच्या खुरप्यानं घ्या, लोखंडाच्या नको. एकत्र करून सावलीत वाळवा, अर्धा किलो माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या आणि जड धातूंची चाचणी वेगळी सांगा, नेहमीच्या नत्र-स्फुरद-पालाशच्या अहवालात ती नसते. मामा तलावांच्या वर शहर नसेल तर त्यांच्या गाळाला एवढं करायची गरज नाही.